अंड्याशिवाय सारणाची चॉकलेट कुकी : एक पाठ, एक प्रयोग आणि एकच ताट

इयत्ता : ७ वी ते ९ वी
विषय : विज्ञान, गणित, कार्यानुभव
वेळ : तयारीसाठी १ तासिका, प्रत्यक्ष कृतीसाठी २ सलग तासिका
कुणासाठी : शिक्षक आणि घरी करून पाहणारे पालक

हा पाठ कशासाठी?

"मॅडम, अंडं नाही टाकलं तर हे फुगते कसं?" हा प्रश्न वर्गात हमखास येतो, कारण मोबाईलवर दिसणाऱ्या बहुतेक केक-कुकीच्या कृतींत सुरुवातीलाच अंडं फोडलेलं असतं. प्रश्न चांगला आहे. "नाही टाकलं तरी चालतं" एवढं सांगून तो संपवू नये. अंडं कुकीत नेमकं काय करतं आणि ती कामं दुसरं कोण करू शकतं, हे मुलांना हातानं करून कळलं पाहिजे.

दुसरं कारण वर्गातल्या पंगतीचं आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात एकाच बाकावर माळकरी घरचं पोर असतं आणि रोज अंडं खाणारंही असतं. कुणी फक्त श्रावण पाळतं, कुणी वर्षभर पाळतं. शालेय पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्यांना केळं किंवा फळ असा निर्णय आला, तेव्हा ही विभागणी ताटात सरळ दिसली. अंडं पौष्टिक आहे, ज्यांच्या घरी चालतं त्या मुलांना ते मिळालंच पाहिजे, याबद्दल वाद नाही. कुकी काही अंड्याच्या पोषणाची जागा घेणार नाही, ती शेवटी गोड खाऊच आहे. पण वर्गात आपण स्वतः काही बनवणार असू, तर ते असं असावं की कुणाही मुलाला "मी नाही खात" म्हणून बाजूला बसावं लागू नये. या पाठात बिनअंड्याची कृती घ्यायची ती यासाठी.

अंडं कुकीत कोणकोणती कामं करतं?

कवच काढलं तर मध्यम आकाराच्या अंड्याचं वजन साधारण ५० ग्रॅम भरतं. त्यात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं. बाकी मुख्यतः प्रथिने आणि स्निग्धांश. फळ्यावर चार कामं लिहा :

१. ओलावा देणं. पीठ मळलं जातं ते या पाण्यानं.
२. बांधून ठेवणं. अंड्यातली प्रथिने साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान घट्ट होतात आणि कुकीला धरून ठेवतात.
३. तेल-पाणी एकत्र ठेवणं. बलकात लेसिथिन असतं, त्यामुळे बटर आणि पाणी फुटून वेगळं होत नाही.
४. फुगायला मदत करणं. फेटलेल्या अंड्यात हवा अडकते आणि भाजताना ती पसरते.

आता मुलांना विचारा, यातलं कोणतं काम कुकीला फार लागतं? केकला चौथं काम खूप लागतं. कुकीला तेवढं फुगायचंच नसतं. आपल्याकडे याचा पुरावा घरोघरी आहे, तो म्हणजे नानकटाई. दिवाळीत रवा-मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचं आणि तिथल्या भट्टीत नानकटाई भाजून आणायची, ही पद्धत आजी-आजोबांना विचारली तर लगेच सांगतील. त्या नानकटाईत अंडं नसायचंच. म्हणजे बिनअंड्याचं बेकिंग ही काही नवी तडजोड नाही.

आपल्या कुकीत ही चार कामं अशी वाटून देऊ : ओलावा दही देईल. बांधण्याचं काम मैद्यातलं ग्लुटेन आणि दह्यातली प्रथिने करतील. बटर आणि साखर आधी नीट फेटली की तिसरं काम बऱ्यापैकी होतं. फुगवण्याचं काम करेल खायचा सोडा. या सोड्याबद्दल आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना इतरांपेक्षा जास्त माहीत असायला हवं.

लोणारचा खार आणि स्वयंपाकघरातला सोडा

लोणार सरोवर उल्कापातानं बेसाल्ट खडकात तयार झालं, त्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, हे मुलांना पाठ असतं. २०२० मध्ये ते रामसर यादीत आलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, तेही आठवतं. पण पाणी खारं आहे म्हणजे नक्की काय, हे विचारलं की "समुद्रासारखं" असं उत्तर येतं. लोणारच्या पाण्यात मीठ आहेच, पण त्याची खरी ओळख आहे सोडिअम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट. त्यामुळे पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो, म्हणजे ते चांगलंच आम्लारिधर्मी आहे. अकबराच्या काळात अबुल फजलने लिहिलेल्या 'ऐन-ए-अकबरी'त लोणारचा उल्लेख येतो, तो काच आणि साबण करायला लागणारे पदार्थ इथे मिळतात म्हणून. इथला खार पुढेही बराच काळ काढला जात होता.

नववीच्या विज्ञानात खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा दोन्ही येतात. खाण्याचा सोडा म्हणजे सोडिअम बायकार्बोनेट. धुण्याचा सोडा म्हणजे सोडिअम कार्बोनेट. पापडखारातही मुख्यतः कार्बोनेटच असतं. दिसायला तिन्ही पांढरे, पण ताकद वेगळी.

छोटा प्रयोग (१५ मिनिटं) : हळद पाण्यात कालवून फिल्टर पेपरच्या पट्ट्यांना लावा आणि वाळवा. एका वाटीत खायच्या सोड्याचं पाणी, दुसरीत पापडखाराचं पाणी आणि तिसरीत दह्याची निवळी घ्या. पट्ट्या बुडवा. दह्यात पट्टी पिवळीच राहते, सोड्यात थोडी तांबूस होते आणि पापडखारात चांगली लालभडक. मुलं एका नजरेत समजतात की "घरात सोडा नाही, पापडखार टाकू" हे कुकीत का चालणार नाही.

सरोवराचं पाणी किंवा काठची माती मात्र प्रयोगाला आणायची नाही. तो संरक्षित परिसर आहे, आणि ते खायच्या पदार्थात घालायचंही नसतं. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

सोडा फुगवतो कसा?

दोन रस्ते आहेत. पहिला, आम्ल भेटलं की : सोडिअम बायकार्बोनेट आणि आम्ल यांपासून क्षार, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. दह्यात लॅक्टिक आम्ल आहे. साधा कोकोही किंचित आम्लधर्मी असतो. दुसरा रस्ता उष्णतेचा : तापल्यावर सोड्याचं विघटन होतं, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते आणि मागे उरतं सोडिअम कार्बोनेट. म्हणजे सोडा जास्त झाला तर कुकीत धुण्याच्या सोड्याचाच भाऊ शिल्लक राहतो. तोंडात साबणासारखी चव येते ती त्याची. लोणारचा खार साबणाला का वापरत, हे इथे आपोआप जोडलं जातं.

कोकोबद्दल एक गोष्ट. नेदरलँड्समधल्या व्हॅन हाउटेन घराण्याने १९व्या शतकात कोकोवर खाराची प्रक्रिया करायची पद्धत रूढ केली. असा कोको रंगानं गडद, चवीला सौम्य असतो आणि त्यातलं आम्ल बरंचसं गेलेलं असतं. डब्यावर 'आम्लता नियामक' असं लिहिलेलं दिसलं तर तो बहुधा या प्रकारचा. अशा वेळी दही वगळू नका आणि बेकिंग पावडर घालाच, कारण तिच्यात सोड्याबरोबर कोरडं आम्लही असतं.

साहित्य (१२ कुकीज)

कुकीला इंग्रजी शब्द हवेत असं नाही. करंजी, मोदकाला आपण जे म्हणतो तेच म्हणू : बाहेरची पारी, आतलं सारण.

पारीसाठी :
- बटर १०० ग्रॅम, बोट दाबलं की खळगा पडेल इतकं मऊ (वितळलेलं नको)
- पिठीसाखर ९० ग्रॅम
- मैदा १३० ग्रॅम (निम्मी कणीक चालेल, कुकी थोडी भरड होते)
- कोको पावडर २५ ग्रॅम
- कॉर्नफ्लोअर १० ग्रॅम
- बेकिंग पावडर अर्धा चहाचा चमचा
- खायचा सोडा पाव चहाचा चमचा, सपाट
- घट्ट दही २ मोठे चमचे (३० ग्रॅम)
- बटर बिनमिठाचं असेल तर चिमूटभर मीठ

बटरऐवजी घरचं तूप घ्यायचं असेल तर ८० ग्रॅम तूप आणि वर १ मोठा चमचा दूध. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, बाकी बहुतेक पाणी, म्हणून हा हिशेब.

सारण, प्रकार १ (वितळणारं) : डार्क चॉकलेट ८० ग्रॅम, ताजी साय किंवा क्रीम २ मोठे चमचे.

सारण, प्रकार २ (घट्ट) : भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट ६० ग्रॅम, बारीक चिरलेला गूळ ४० ग्रॅम, कोको १ मोठा चमचा, तूप १ चहाचा चमचा.

शेंगदाणा, दूध किंवा गव्हाची कुणाला ॲलर्जी आहे का, हे आदल्या आठवड्यात पालकांना विचारून घ्या. एकादशीचा दिवसही टाळा, अर्ध्या वर्गाला उपास असतो.

कृती

१. आधी सारण. साय गरम करा, उकळू नका. चॉकलेटच्या तुकड्यांवर ओता, दोन मिनिटं थांबा, मग ढवळा. थंड झालं की १२ गोळ्या करून बर्फाच्या कप्प्यात निदान एक तास ठेवा. प्रकार २ साठी सगळं एकत्र मळून १२ गोळ्या वळा, त्याला फ्रिजची गरज नाही.

२. बटर आणि पिठीसाखर चमच्यानं ४-५ मिनिटं फेटा. रंग फिका झाला म्हणजे हवा भरली गेली. अंड्याचं चौथं काम थोडंसं इथेच झालं.

३. दही घालून फेटा. थोडं फुटल्यासारखं दिसलं तर घाबरू नका, पीठ पडलं की सावरतं.

४. मैदा, कोको, कॉर्नफ्लोअर, बेकिंग पावडर, सोडा दोनदा चाळून घाला. हलक्या हातानं गोळा करा. कणकेसारखं तिंबायचं नाही. तिंबलं की ग्लुटेन ताणलं जातं आणि कुकी चिवट होते.

५. गोळा झाकून अर्धा तास थंड जागी. इथे घाटावर आणि घाटाखाली फरक पडतो. बुलढाणा-चिखलीकडे हिवाळ्यात गोळा बाहेर ठेवला तरी चालतो. खामगाव, मलकापूर, शेगावकडे उन्हाळा लागला की फ्रिजशिवाय गत्यंतर नाही. चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आणि मार्चनंतर आपल्या वर्गातली हवाच त्याच्यापुढे जाते. तोंडात चॉकलेट का विरघळतं, हे विचारायची हीच वेळ. शरीराचं तापमान ३७ अंश.

६. साधारण ३२ ग्रॅमचे १२ गोळे करा. प्रत्येकाची तळहातावर वाटी करा, कडा पातळ आणि मधला भाग थोडा जाड. सारणाची गोळी ठेवा, पारी बंद करा, सांधा खाली करून किंचित चपटा करा. सांधा उघडा राहिला की सारण बाहेर. उकडीच्या मोदकाचा आणि पुरणपोळीचा नियम इथेही तोच आहे.

७. ओव्हन १७० अंशांवर आधी गरम करून १२ ते १४ मिनिटं भाजा. कडा घट्ट, मध्यभाग मऊ दिसला की काढा. १० मिनिटं ताटाला हात लावू नका. गरम कुकी अंड्याशिवाय जास्त नाजूक असते, थंड होताना बटर आणि साखर घट्ट झाल्यावर ती स्वतःला धरते.

शाळेत ओव्हन नाही, मग?

जाड बुडाची कढई किंवा पातेलं घ्या. तळाशी बोटभर जाड मीठ किंवा स्वच्छ वाळू, त्यावर लहान स्टँड, घट्ट झाकण. मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा, मग आच कमी करून कुकीजचं ताट आत ठेवा. १८ ते २२ मिनिटं लागतात. शेगडी आणि कढई शिक्षकांनीच हाताळायची, मुलांनी दोन हात लांबून घड्याळ बघायचं. वाळू उष्णता साठवते आणि सारखी देते, हा उष्णतेच्या पाठाचा मुद्दा जाता जाता सांगून होतो.

"अंडं नाही म्हणजे कच्चा गोळा खाऊ का?" असंही मुलं विचारतात. नाही. मैदा हाही कच्चाच पदार्थ आहे, त्यात जंतू असू शकतात. भाजल्याशिवाय चाखायचं नाही.

तुलना : चार गट, चार गोळे

खरं शिक्षण इथे आहे. एकच कृती चार प्रकारे करा. प्रत्येक गटाला ३ कुकीज :

गट अ : दही आणि सोडा (वर दिलेली कृती)
गट आ : दह्याऐवजी तेवढंच दूध, सोडा आणि बेकिंग पावडर दोन्ही नाही
गट इ : दह्याऐवजी दूध, सोडा आहे, बेकिंग पावडर नाही
गट ई : दह्याऐवजी कुस्करलेलं केळं, सोडा आणि बेकिंग पावडर आहे

भाजण्यापूर्वी आणि थंड झाल्यावर प्रत्येक कुकीचा व्यास आणि उंची मिलिमीटरमध्ये मोजून तक्त्यात भरा. पुढचे रकाने : भेगा किती, रंग, तुटताना आवाज येतो का, चव.

निरीक्षणातून निघणारे प्रश्न :
- गट इ मध्ये दही नाही, तरी कुकी फुगली. सोड्याला आम्ल कुठून मिळालं? (कोकोतून. शिवाय उष्णतेनंही विघटन झालं.)
- गट आ ची कुकी घट्ट राहिली, पण बांधली गेली. मग बांधण्याचं काम कुणी केलं?
- गट ई ला केळ्याचा वास आला. बदली पदार्थ आपली चव सोडून येतो का? कोणत्या पदार्थात हे चालेल, कोणत्यात नाही?

उत्तर लगेच सांगू नका. एखाद्या गटाचा निकाल अपेक्षेपेक्षा वेगळा आला तर तो खोडायचाही नाही. आच, माप, सांधा यांपैकी काय वेगळं झालं ते मुलांनाच शोधू द्या.

गणित

- मैदा : बटर : साखर = १३० : १०० : ९० = १३ : १० : ९. हे गुणोत्तर मुलांनी स्वतः काढायचं.
- ३६ मुलांच्या वर्गाला प्रत्येकी १ कुकी द्यायची तर प्रत्येक पदार्थ किती? (मैदा ३९०, बटर ३००, साखर २७० ग्रॅम.)
- सारणाची गोळी साधारण ९ ग्रॅम आणि पारी ३२ ग्रॅम. कुकीत सारणाचं शेकडा प्रमाण किती? (सुमारे २२.)
- आठवडी बाजारातले आणि किराणा दुकानातले भाव मुलांनी लिहून आणायचे आणि एका कुकीचा खर्च काढायचा. दोन्ही सारणांचा वेगवेगळा. शेंगदाणा-गुळाचा आकडा आणि चॉकलेटचा आकडा शेजारी ठेवले की मुलं आपोआप बोलू लागतात.

पालकांसाठी

दुकानात मिळणारी, आत चॉकलेट भरलेली बिस्किटं मुलांना आवडतात. त्यांच्याकडून पाकीट वाचून घ्या. हिरव्या चौकटीतलं हिरवं वर्तुळ म्हणजे शाकाहारी. तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी, आणि आपल्याकडच्या नियमात अंडं त्यातच मोजलं जातं. दूध मात्र शाकाहारात धरतात. 'अंड्याचा अंश असू शकतो' अशी ओळही काही पाकिटांवर असते. ज्या घरी कडक पाळतात त्यांनी ती बघावी. साखर आणि स्निग्धांशाचे आकडेही याच निमित्तानं वाचले जातात. घरच्या कुकीतही साखर आहेच, म्हणून एका वेळी एकच पुरे.

घरी करताना मुलांना पारी भरू द्या, वाकडी झाली तरी. आणि घरात अंडं चालतं की नाही, ते का, हे मुलांशी मोकळेपणानं बोला. दुसऱ्याच्या डब्यात वेगळं काही दिसलं की नाक मुरडायचं नाही, हे त्याच बोलण्यात आलं तर उत्तम. अंडं खाणारा मुलगा आणि न खाणारी मुलगी, दोघांनाही आपल्या घरचं अन्न सांगताना मान खाली घालावी लागू नये.

स्वाध्याय

१. आजीला किंवा शेजारच्या काकूंना विचारा : घरात कोणकोणत्या पदार्थांत सोडा किंवा पापडखार घालतात? तिथे तो फुगवायला घालतात की आणखी कशासाठी? पाच पदार्थांचा तक्ता करा.
२. अंड्याची चार कामं लिहा. पुरणपोळी, करंजी आणि नानकटाईत ही कामं कोण करतं ते प्रत्येकासमोर लिहा.
३. लोणारच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास आहे. हळदीची पट्टी त्या पाण्यात कशी दिसेल? कारणासह अंदाज लिहा.
४. तुमच्या गटाच्या कुकीत एकच बदल करायचा असेल तर कोणता कराल, आणि तो उपयोगी पडला हे कशावरून ठरवाल?

चौथ्या प्रश्नाची उत्तरं जपून ठेवा. पुढच्या वेळी हाच पाठ घ्याल, तेव्हा कृती या पानावरून न घेता मुलांच्या त्या उत्तरांतून निवडा. कुकीज एकाच मोठ्या ताटात मांडा आणि सगळ्यांनी त्यातूनच घ्या.